फर्टी-फ्री

इंग्रजीच्या बाबतीत आमच्या घरात माझा नंबर शेवटचा लागतो, मांजर धरून. लेकीच्या मते 'वॉटर' म्हणताना मी 'व' चुकीचा म्हणतो, 'ट' नको इतका म्हणतो आणि शेवटचा 'र' तर म्हणायचाच नसतो. ती स्वतः त्यातला 'ट' आख्खा गिळते आणि 'वॉ-अ' असं काहीतरी घशातल्या घशात करते. एक व्यंजन खाऊन ढेकर न देता वर बापालाच शुद्धलेखनाचे धडे!

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. लंडनच्या वायव्येला, १९६७ साली सरकारने ठरवून वसवायला घेतलेलं हे गाव. जो तो कुठून तरी आलेला, गोलचक्करं शंभराच्या वर आणि गावची म्हणून प्रसिद्ध असलेली गुरं चक्क काँक्रीटची. असल्या गावाला स्वतःची बोली कुठून असणार, म्हणून मी निर्धास्त होतो. पण १९९०च्या दशकात पॉल करस्विल आणि अ‍ॅन विल्यम्स या भाषाशास्त्रज्ञांनी नेमकी इथलीच चार, आठ आणि बारा वर्षांची पोरं घेऊन त्यांचे उच्चार तपासले होते. चार वर्षांची पोरं बरीचशी आईबापांसारखी बोलत होती. आठ-बारावाली मात्र एकमेकांसारखी. म्हणजे आईबापांची सद्दी शाळेच्या फाटकापर्यंतच.

आमच्याकडे याचं प्रात्यक्षिक फुकटात झालं. चार वर्षांची असताना लेक 'थ्री' म्हणायची, थेट माझ्यासारखं, थालीपिठातल्या 'थ'ने. दुसरीत गेली आणि 'फ्री' म्हणायला लागली. मी घाबरून तिच्या बाईंना भेटलो. बाई प्रेमाने म्हणाल्या, "आय फिंक शीज फाइन." विषय मिटला.

खरी बेअब्रू पुढे फोनवर झाली. कुठल्याशा कंपनीच्या यंत्राला ग्राहक क्रमांक बोलून सांगायचा होता आणि त्याच्या शेवटी होते ३३. "थर्टी-थ्री," मी म्हणालो. समजलं नाही, यंत्र म्हणालं. मी सावकाश म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. (समोरच्याला कळलं नाही की आवाज चढवायचा, हा आपला राष्ट्रीय उपाय.) शेवटी नाक वर करून अस्सल साहेबी थाटात म्हणून पाहिलं, तर यंत्राने माझी रवानगी तक्रार विभागात केली. लेक सोफ्यावरून उठली, फोन हातात घेतला आणि "फर्टी-फ्री" म्हणाली. "थँक यू," यंत्र म्हणालं. एका आकड्यात दोन चुका, आणि पास!

बरं, इंग्रजी तिचं, मराठी तरी आमचं म्हणावं, तर तिथेही आनंदच. सांगलीच्या आजीशी बोलताना 'पोळी'ची 'पोली' होते, 'वाढ'चं 'वाध' होतं, 'त' आणि 'ट' एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात. आजीला अर्धं कळतं, उरलेलं ती कौतुकाने भरून काढते. व्हँकुव्हरच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४मध्ये दाखवलं होतं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक ऐकू येतो आणि वर्षाची होईतो बहुतेकांचा तो कान जातो. पण त्या बाळांच्या कानांवर मराठी पडत नव्हतं! हिच्या पाळण्यापाशी आम्ही दोघं दिवसरात्र मराठीत भांडलोय. ते सगळं गेलं कुठे?

ते एका शनिवारी सापडलं. तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो आणि बाहेरच्या खोलीतून मला माझाच आवाज ऐकू आला. "टर्न ऑफ द टीव्ही! व्हॉट टाइम इज इट? कळलं का?" प्रत्येक 'ट' टाळूवर ठणकन आपटलेला. आणि 'कळलं'मधला तो 'ळ'! असा घोटीव 'ळ' हल्ली पुण्यातसुद्धा मिळत नाही. मैत्रिणी हसून लोळत होत्या. म्हणजे माल सगळा गोदामात शाबूत होता. बाहेर निघायचा तो फक्त बापाची टिंगल करायला.

अपमान बाजूला ठेवून मी तिच्याशी तह केला. सांगलीला फोन लावल्यावर तिने मराठी बोलायचं नाही, मराठी बोलणाऱ्या बाबांची नक्कल करायची. व्हिडिओ बंद, फक्त आवाज. रविवारी मी फोन स्पीकरवर टाकून दिला. तिने आधी घसा खाकरला, तोही माझ्याच पद्धतीने, आणि सुरू झाली, "हां आई, बोल. गोळ्या घेतल्यास का वेळेवर?"

"घेतल्या रे बाबा!" पलीकडून आई वैतागली. "सारखं आपलं तेच तेच. पोरगी कुठंय? दे तिला जरा."