बारा जणांच्या खोलीत रोग कुठून आला?

एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातोय. त्यात चार विधानं आहेत. परदेशातून येणारे मजूर आणि विद्यार्थी रोग घेऊन येतात. सीमेवरच कडक तपासणी केली की काम झालं. हे लोक दवाखान्यांवर भार टाकतात. आणि विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची चर्चा म्हणजे नुसते लाड, संसर्गाशी तिचा संबंध काय?

पहिल्या विधानात थोडं तथ्य आहे, ते आधीच मान्य करतो. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ९२ देशांतल्या दीड कोटीहून अधिक स्थलांतरितांच्या मृत्यूंचा एकत्रित अभ्यास आला. त्यांचा एकूण मृत्युदर यजमान देशातल्या लोकांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी निघाला, पण संसर्गजन्य आजारांनी होणारे मृत्यू मात्र दुपटीहून जास्त. मजकूर लिहिणाऱ्याने नेमकं हे शेवटचं उचललंय. पण संसर्गाने मरणं वेगळं आणि तो इतरांना देणं वेगळं.

शिवाय लागण झाली कुठे, हे कुणी विचारतच नाही. युरोपातल्या नऊ देशांत एचआयव्हीबाधित स्थलांतरितांची पाहणी झाली. २०१७ साली छापून आलेल्या तिच्या निष्कर्षानुसार ६३ टक्के लोकांना लागण नव्या देशात आल्यानंतर झाली होती. २०२० मधलं सिंगापूर तर याहून बोलकं. तिथे परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत एकेका खोलीत बारा-बारा, कुठे त्याहूनही जास्त माणसं झोपत. ती बहुतेक आधीपासून तिथेच कामाला होती. वर्षअखेरीपर्यंत वसतिगृहांतल्या जवळपास निम्म्या मजुरांना कोविड होऊन गेला होता, आणि त्याच शहरात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांमधले नोंदलेले रुग्ण मात्र काही हजारच. विषाणू तोच होता. फरक खोल्यांचा होता.

आता सीमेवरची तपासणी. २००३ साली सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवाशांची तपासणी केली. त्यातून सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. त्यात नवल काहीच नाही. लागण झाल्यापासून ताप यायला दहा दिवसही लागू शकतात आणि विमान काही तासांत पोचतं.

क्षयरोगाचं गणित आणखी निराळं आहे. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात त्याचे जंतू सुप्त असल्याचा अंदाज आहे. अशी माणसं कुणाला लागण देत नाहीत, आणि त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. ब्रिटनला निघालेल्या पाच लाखांहून अधिक लोकांची निघण्याआधीच क्षयासाठी तपासणी झाली होती. त्यांचा पुढे मागोवा घेणारा अभ्यास २०१६ साली आला. तपासणीत निर्दोष ठरलेल्यांकडून इतरांना लागण होण्याचा धोका नगण्य निघाला. त्यांना स्वतःला मात्र पुढच्या वर्षांत क्षय होण्याचा धोका उरतोच. म्हणजे तपासणी निरुपयोगी नाही. पण तिच्यानंतर माणूस कुठे राहतो आणि खोकला लागला तर त्याला बिनधास्त डॉक्टर गाठता येतो का, यावर पुढचं सगळं ठरतं.

दवाखान्यांवरच्या भाराबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक जण तरुण, कामाच्या वयाचे. वरचा मृत्युदर पुन्हा पाहा. ब्रिटनमध्ये तर २०१५ पासून परदेशी विद्यार्थी व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचं शुल्क आगाऊ भरतात.

‘लाड’ या शब्दावर मात्र थांबायला हवं. १९९१ साली ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीसारख्या आजारांच्या विषाणूंचे थेंब घालण्यात आले. ज्यांच्यावर मानसिक ताण जास्त, त्यांना लागणही जास्त झाली. त्यानंतर वर्षभरात आलेला अभ्यास थेट विद्यार्थ्यांवरचा. वैद्यकीयच्या ४८ विद्यार्थ्यांना ऐन परीक्षेच्या दिवसांत कावीळ ‘ब’ची लस टोचली. पहिल्याच डोसनंतर एक चतुर्थांश विद्यार्थ्यांमध्ये प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, दिसली, आणि ते बाकीच्यांपेक्षा कमी तणावाखाली असलेले निघाले. पाहणी छोटी आहे, एवढ्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण ‘संबंध काय’ असं विचारणाऱ्याला उत्तर म्हणून पुरेशी आहे.

आणि औषधाचं काय? क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. परक्या गावात, घरापासून दूर, खिन्न झालेला मुलगा गोळ्या मध्येच सोडतो तेव्हा जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते. त्यात हा मजकूर त्याच्याच वर्गाच्या गटात फिरत असेल, तर तीन आठवड्यांचा खोकला तो खोलीतल्या सोबत्यालाही सांगणार नाही.