परदेशातून: उरलेल्यांचा खेळ

आमच्या वाडीच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे. वेंगुर्ल्याजवळची आमची वाडी, तिला मैदान एकच. मे महिन्यात त्यावर अंडरआर्म क्रिकेटच्या मॅची होतात, एरवी गुरं चरतात. त्यातल्या निम्म्या जागेला जाळी मारून पिकलबॉलचं, म्हणजे बॅट आणि प्लास्टिकच्या चेंडूने नेटवरून खेळायच्या खेळाचं, कोर्ट करायचं आणि तासाच्या भाड्याने पर्यटकांना द्यायचं, असा मुंबईकर मंडळींचा विचार आहे. गावातली पोरं चिडली आहेत. अमेरिकेतली फॅडं आम्हाला नकोत, क्रिकेटची जागा सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी बारा वर्षं सिॲटलला राहतो आणि आठवड्यातून तीनदा हा खेळ खेळतो, म्हणून दोन्हीकडचे मलाच विचारतात. तर सांगतो.

सिॲटलहून बोटीने पस्तीस मिनिटांवर बेनब्रिज नावाचं बेट आहे. 1965 च्या उन्हाळ्यात तिथे जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल गोल्फ खेळून घरी आले, तर घरचे सगळे कंटाळून बसलेले. अंगणात जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण खेळायला धड सामान सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन सुरुवात झाली. चेंडू जमिनीवर चांगला उसळतो हे लक्षात आल्यावर नेट खाली कमरेपर्यंत आणलं. पुढे बार्नी मॅकलम हे तिसरे मित्र आले आणि तिघांनी मिळून नियम बसवले. 'पिकल' म्हणजे लोणचं, पण नावाचा लोणच्याशी काही संबंध नाही. प्रिचर्ड कुटुंब सांगतं की, वल्हवण्याच्या शर्यतीत बाकीच्या बोटींतून उरलेल्या गड्यांची जी बोट करतात तिला 'पिकल बोट' म्हणत, त्यावरून प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांनी हे नाव ठेवलं. 2022 मध्ये वॉशिंग्टन राज्याने याला आपला अधिकृत खेळ केलं.

उरलेल्यांची बोट! हे कळलं तेव्हा मला आमची वाडी आठवली. तरणी पोरं मुंबईला, गोव्याला. घरात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली मुलं. या उरलेल्यांसाठी आपल्याकडे कुठला खेळ आहे? अंडरआर्मच्या मॅचीला आई कधी मैदानाकडे फिरकलीसुद्धा नाही.

हा खेळ त्यांना जमण्यासारखा आहे. कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच. सर्व्हिस खालून करायची, आमच्या अंडरआर्मसारखी. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला 'किचन' म्हणतात. तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो. त्यामुळे नुसत्या ताकदीचा फार उपयोग नाही. गुडघा बदललेली सत्तरीची एक बाई मला नियमाने हरवते.

पण माझ्या मते खरी गंमत खेळात कमी आणि पार्कातल्या पद्धतीत जास्त आहे. आमच्या इथलं कोर्ट सार्वजनिक आहे, पैसे नाहीत, कुलूप नाही. आलात की आपली बॅट कुंपणावरच्या रांगेत लावायची. नंबर आला की ज्या चार बॅटी पुढे असतील ते चौघे खेळतात, मग ओळख असो वा नसो. अकरा गुण झाले की खाली उतरायचं. नवीन देशात मला माणसं मिळाली ती या रांगेत.

इथेही सगळं गोड नाही. टेनिसच्या कोर्टांवर रेघा मारल्या म्हणून टेनिसवाले भांडतात. बॅटीचा 'टक टक' आवाज ऐकून शेजारी वैतागतात, प्रकरणं न्यायालयापर्यंत गेली आहेत. मागे धावताना पडून म्हाताऱ्यांची मनगटं मोडतात. वाडीत घराला घर लागून आहे, तिथे रात्री दहाला पर्यटक खेळणार असतील तर मी पोरांच्या बाजूने आहे.

गेल्या मे महिन्यात चार बॅटी घेऊन गावी गेलो होतो. आमचं खळं 44 फूट नाही, जेमतेम पस्तीस. तेवढ्यात चुन्याने रेघा मारल्या, दोन पोफळीचे खांब रोवले आणि रापणीचं जुनं जाळं दुमडून बांधलं. सारवलेल्या जमिनीवर चेंडू कमी उसळतो, आणि दुपारी खारा वारा सुटला की तो सरळ शेजारच्या माडात जातो. म्हणून सकाळचाच वेळ. आई पदर खोचून उभी राहिली खरी, पण आधी म्हणाली, "आमका कोण घेतलो खेळाक?" दहा मिनिटांनी शेजारची काकू रेघेवरून तिच्याशी हुज्जत घालत होती.

तेव्हा माझं म्हणणं असं. मैदान पोरांना राहू दे. शाळेच्या आवारात कोबा करू, त्यावर बॅडमिंटनच्या आणि पिकलबॉलच्या दोन रंगांत रेघा मारू. बॅटी शाळेच्या पडवीत टांगलेल्या असाव्यात, शाळा सुटल्यावर कोणीही घ्याव्यात. पर्यटक आले तर त्यांनीही रांगेत बॅट लावावी, काकूंच्या मागे. पावसाचे चार महिने नेट काढून ठेवू.

चतुर्थीला सगळे गावी असतील, तेव्हा बैठक ठरली आहे. मी फोनवरून हजर राहीन. कोब्याच्या खर्चातला माझा वाटा मी देणार आहे, पण कुंपण आणि कुलूप घालणार असाल तर नाही.