मी उठलो की तो धावतो

‘नो प्रॉब्लेम फाउंड. चेकिंग चार्ज ३५०.’ असं लिहिलेली पावती हातात घेऊन परवा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबाहेर पडलो. तीनशे पन्नास रुपयांचं एवढं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण त्याहून जास्त झोंबला तो ‘नो’.

तक्रार साधी होती. कॉम्प्युटरवर मी काम करत असलो की त्याचा पंखा गप्प. उठून चहा टाकला की थोड्या वेळात आतल्या खोलीतून घोंघावणं सुरू. धावत येऊन माउसला हात लावावा, तर पाच-सात सेकंदांत साहेब पुन्हा शांत. दुकानातल्या मुलाने कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली, माउस हातात धरला आणि कान लावून बसला. माउस हातात धरून! म्हटलं, बाबा रे, हात काढ. तर म्हणे, “सर, हात काढला तर चेक कसं करणार?”

माझ्या मागे मांडीवर यूपीएस घेऊन एक काका बसले होते. त्यांना राहवलं नाही.

“पंखा जोरात फिरतो? कंडेन्सर बदला. अडीचचा. किरकोळ काम आहे.”

म्हटलं, काका, अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर छताच्या पंख्याला. आणि तो गेला तर पंखा मंदावतो, जोर करत नाही. कॉम्प्युटरचा पंखा १२ व्होल्ट डीसीवर चालतो.

“डीसी म्हणजे बॅटरी. मग लाइट गेल्यावरही चालत असेल?”

“नाही.”

“मग काय उपयोग त्या डीसीचा?”

यावर काउंटरवरचा मुलगाही उत्तराच्या अपेक्षेने माझ्याकडे बघायला लागला.

“मग रेग्युलेटर बसवून टाका.”

“रेग्युलेटर आहे, काका. मदरबोर्डवरच असतो. तापमान बघून तो वेग ठरवतो. चार पिनांच्या पंख्याला चौथ्या वायरीतून त्याचा हुकूम जातो.”

“मग त्यालाच सांगा ना कमी कर म्हणून. टेबल कुठल्या दिशेला आहे?”

“भिंतीला.”

“भिंत कुठल्या दिशेला?”

दिशांचा हिशेब करता करता टेबल आग्नेयेला निघालं. काकांनी अख्ख्या दुकानावरून विजयी नजर फिरवली. “अग्नीचा कोपरा. तापणारच.” आणि तो मुलगा, जो माझ्या एकाही वाक्याला हलला नव्हता, त्याने गंभीरपणे मान डोलावली.

एवढ्यावर थांबतील तर काका कसले. “आमच्या हापिसात एक शिपाई होता. साहेब समोर असला की स्टुलावर पुतळ्यासारखा. साहेब बाहेर पडला की याची ही धावपळ! घामाघूम. आम्हाला वाटायचं, काय कष्टाळू माणूस! नंतर कळलं, वरच्या मजल्यावरच्या वकिलाची झेरॉक्स काढून द्यायचा. आमच्या मशीनवर, आमच्या कागदावर.” तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते यूपीएस सावरत उठले.

चीड याची येते, की त्या दुकानात बिनचूक निदान एवढं एकच झालं, तेही फुकट, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

विंडोज नेमकं हेच करते. रोजच्या देखभालीची तिची ठरलेली वेळ रात्री २ ची. आता आपल्याकडे रात्री २ ला कुठला कॉम्प्युटर चालू असतो? भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय झोपू नये हे संस्कार. मग हुकलेली कामं विंडोज साठवून ठेवते आणि दिवसा आपण जरा उठलो की उरकायला घेते. फायलींची सूची करणारा सर्च इंडेक्सर, अपडेट बसवणारा मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, व्हायरस शोधणारा डिफेंडर. डिफेंडरची गंमत ऐका. ठरलेल्या स्कॅनसाठी त्याने प्रोसेसर सरासरी ५० टक्केच वापरावा अशी मर्यादा मुळात घातलेली आहे. पण मशीन रिकामं असेल तर ती मर्यादा लागूच नाही, हेही मुळातच ठरलेलं. म्हणजे मालक नसला की मोकळं रान.

आता धुळीबद्दल. धूळ साचली किंवा प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली तर आपण काम करतानाच पंखा जास्त ओरडेल. माउस हलवल्याने धूळ कधी झटकली जात नाही. हात लावताच जो थांबतो तो रोग सॉफ्टवेअरचा, हे ओळखायला ब्लोअर लागत नाही.

अडचण एकच. बघायला जावं तर चोर पळतो, कारण चालू प्रोग्रॅम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडणं हीसुद्धा हालचालच. म्हणून उठायच्या आधी त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये मथळ्यावर राइट क्लिक करून ‘सीपीयू टाइम’ हा रकाना जोडायचा, त्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणायचे, वरच्या दहा नावांचा मोबाइलने फोटो काढायचा आणि चालतं व्हायचं. हा रकाना प्रत्येक प्रोग्रॅमने सुरू झाल्यापासून खाल्लेला प्रोसेसरचा एकूण वेळ दाखवतो. परत आल्यावर, ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ म्हणजे निव्वळ रिकामा वेळ सोडून, ज्याचा आकडा फुगलेला, तो आपला शिपाई. काम संपवून बंद झालेला प्रोग्रॅम मात्र यात सापडत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या प्रोग्रॅममध्ये लॉगिंग, म्हणजे नोंदवही, चालू ठेवून तापमान, प्रोसेसरवरचा भार आणि पंख्याचे फेरे फायलीत नोंदवून घ्यावेत, आणि फेरे वाढले त्या वेळेशी, विंडोजची कामं वेळेवर लावणाऱ्या टास्क शेड्युलरमधली कामांची ‘लास्ट रन टाइम’ जुळवून पाहावी.

देखभालच निघाली तर तिला एकदा पोटभर जेवू घाला. कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्सखाली ‘स्टार्ट मेंटेनन्स’ दाबा, स्लीप बंद ठेवा आणि दोन-तीन तास तिकडे फिरकू नका. काम संपून पंखा आपणहून थांबला तर विषय मिटला. रोज तासन्‌तास चालूच राहिला, सूचीत सापडणारं नाव अनोळखी असलं किंवा माउस हलवूनही न थांबणारा भार टास्क मॅनेजर उघडताच गायब होत असला, तर कुणीतरी तुमच्या विजेवर आभासी नाणी पाडतंय अशी शंका घ्या आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. काकांचा वकील हाच.

लॉगमध्ये भार नगण्य, तापमान मात्र क्षणभर ४० वरून ५५ वर उडी मारतंय आणि पंखा त्यामागे पळतोय, असं दिसलं तर गुन्हेगार बायोसमधला, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमधला, पंख्याचा आलेख: किती तापमानाला किती वेग. हल्लीचे प्रोसेसर एखाद्या किरकोळ कामासाठीही एक कोर क्षणभर पूर्ण वेगात नेतात. ६० अंशांपर्यंत वेग ३०-४० टक्क्यांवर सपाट ठेवा आणि ‘स्टेप अप’चा, म्हणजे वेग वाढवण्याआधीचा, विलंब असेल तर तीन-चार सेकंद करा. आणि स्क्रीनसेव्हर? जुन्या पडद्यांवर चित्र कायमचं उमटू नये म्हणून तो होता. आज एलसीडीसमोर कुणी नसताना त्रिमिती बुडबुडे उडवत ग्राफिक्स कार्ड तापवायचं, याला काय म्हणावं? पडदा बंद करा, झालं.

हे सगळं मी काउंटरवर सांगायला घेतलं होतं. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, फॉरमॅट मारून देऊ का? ८०० होतील.” फॉरमॅट मारला की सूची पहिल्या फायलीपासून, अपडेट पहिल्यापासून, स्कॅन पहिल्यापासून. म्हणजे रिकामपणी पंखा आत्ता पळतो त्याच्या दुप्पट पळणार, आणि ‘नवीन विंडोज आहे ना, सेट व्हायला वेळ लागतो’ हे ऐकायला पुन्हा त्याच्याच दारात उभं राहायचं.