पवित्र कबरीच्या देवळाचा मालक कोण? एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘जेरुसलेमच्या चर्चचे लपवलेले सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. पवित्र भूमीच्या यात्रेची तयारी करणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत तो पोहोचला, तिने तो मला पाठवला आणि खाली विचारले, ‘अरे, हे खरे असेल तर आपण नक्की कोणाच्या दारात चाललो आहोत?’ मावशीला फोनवर उत्तर दिले आहेच, पण हा मजकूर तिच्यासारख्या अनेकांकडे गेलेला असल्यामुळे सविस्तर लिहिणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. येशूच्या कबरीवरील देवळाच्या चाव्या इसवी सन ६३७ पासून आजतागायत, धर्मयुद्धांच्या काळातही, अखंडपणे एका मुस्लिम घराण्याकडे आहेत. धर्मयुद्धांच्या काळात देवळाची सारी मालमत्ता पोपची होती आणि दानपेटीतला पैसा रोमला जात होता. प्रत्यक्ष कारभार टेम्पलर सरदारांच्या, म्हणजे एका लढवय्या ख्रिस्ती संघाच्या, हाती होता. पौर्वात्य (ग्रीक, आर्मेनियन, सिरियन अशा) ख्रिस्ती लोकांना अठ्ठ्याऐंशी वर्षे आत पाऊल टाकू दिले गेले नाही. शेवटी ११८७ मध्ये (मूळ संदेशात चुकून १९८७ लिहिले आहे) मुस्लिम सुलतान सलादिनने ते देऊळ जमीनदोस्त केले. आणि या सगळ्यावरून निष्कर्ष असा की, जगातल्या कुठल्याही चर्चची जमीन ही ‘मुळात रोमचीच’.

चाव्यांचे आधी उरकून घेतो. आज देवळाच्या दाराची चावी जूदेह या मुस्लिम घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे आहे, हे खरे आहे. नुसैबेह घराणे आपली परंपरा सातव्या शतकात जेरुसलेम ताब्यात घेणाऱ्या खलिफा उमर यांच्या काळापर्यंत नेते आणि घराण्याची परंपरा म्हणून तिचा आदर करायला कोणाचीच हरकत नसावी. परंतु ‘अखंडपणे’ हा शब्द घालणाऱ्याने एवढा तरी विचार करायला हवा होता की, १५ जुलै १०९९ रोजी क्रूसेडरांनी, म्हणजे धर्मयुद्धाला आलेल्या युरोपीय ख्रिस्ती सैन्याने, शहर घेतले तेव्हा तिथल्या मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली, उरलेल्यांना घालवून देण्यात आले आणि नंतर त्यांना तटाच्या आत वस्ती करण्याची मनाई होती. ज्या शहरात राहायलाच बंदी, तिथल्या मुख्य देवळाची चावी सांभाळायची कशी? साधारण ११७० च्या सुमारास आलेल्या थिओडेरिक या जर्मन यात्रेकरूने कबरीच्या दाराशी कडक पहारेकरी बसलेले पाहिले. एका वेळी सहापेक्षा कमी आणि बारापेक्षा जास्त माणसे ते आत सोडत नसत. ते पहारेकरी लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या, देवळाचे होते.

खरा संताप येतो तो रोमच्या मुद्द्याचा. या देवळाच्या मालमत्तेविषयी अंदाज बांधण्याची गरजच नाही, कारण देवळाचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूंनी, ज्यांना कॅनन म्हणत, आपल्या दानपत्रांच्या आणि सनदांच्या नकला एका बाडात उतरवून ठेवल्या होत्या. ते बाड टिकले, पॅरिसमध्ये १८४९ साली छापले गेले आणि १९८४ साली नव्याने संपादित होऊन पुन्हा प्रसिद्ध झाले. बाराव्या शतकातल्या फार थोड्या संस्थांचे इतके तपशीलवार दप्तर आज हाती आहे. गाव कोणी दिले, द्राक्षमळा कोणी विकला, दशांशावरून, म्हणजे धर्मसंस्थेला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावरून, कोणाशी भांडण झाले, हे सगळे त्यात आहे.

त्या कागदांतून दिसणारी व्यवस्था अशी. शहर जिंकल्यावर राज्याची सूत्रे घेतलेल्या गोडफ्रेने देवळात वीस कॅनन नेमले, त्यांच्या निर्वाहाची सोय लावली आणि जेरुसलेमच्या आसपासची २१ गावे देवळाला दिली. त्याचा भाऊ राजा पहिला बाल्डविन याने १११४ मध्ये ते दान कायम केले. त्याच वर्षी पॅट्रिआर्क आर्नुल्फ याने, म्हणजे जेरुसलेमच्या सर्वोच्च धर्मगुरूने, कॅननांच्या राहणीत मोठा बदल केला. तोवर ते आपापल्या घरी, आपापल्या वाट्यावर राहत होते. आता त्यांना संत ऑगस्टिनचा नियम लागू झाला, म्हणजे एकत्र जेवण, एकत्र निवास आणि खासगी मालमत्ता नाही. याच प्रसंगी उत्पन्नाची वाटणीही लेखी ठरली. कबरीवर येणाऱ्या अर्पणांपैकी अर्धा भाग कॅननांना मिळाला. खऱ्या क्रूसाच्या अवशेषापुढे येणारी अर्पणेही त्यांचीच ठरली, मात्र शुभ शुक्रवारची वगळून आणि पॅट्रिआर्क तो क्रूस स्वतःबरोबर बाहेर नेईल ते प्रसंगही वगळून. इतक्या बारकाईने केलेल्या या वाटणीत पक्ष दोनच आहेत, पॅट्रिआर्क आणि कॅनन. रोमचा वाटा ज्याला यात सापडेल त्याने तो दाखवावा.

गावांचा कारभारही कॅनन स्वतःच पाहत. जेरुसलेमच्या उत्तरेला अल-बिरा हे गाव आहे, त्याला फ्रँक लोक, म्हणजे तिथे आलेले युरोपीय, मॅग्ना माहुमेरिया म्हणत. तिथे कॅननांनी युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांना आणि कारागिरांना वसवले, आणि त्या वसाहतकऱ्यांच्या नावांची यादी त्याच बाडात आहे. कोणी ओव्हर्नचा, कोणी गास्कनीचा, कोणी लोंबार्डीचा, कोणी कॅटलोनियाचा. ही माणसे पिकाचा ठरलेला हिस्सा देवळाला देत आणि देवळाच्या अधिकाऱ्यापुढे निष्ठेची शपथ घेत. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या बाजूची मंडळी सहसा सांगत नाहीत. ही गावे ज्यांनी दान दिली त्यांनी ती तलवारीच्या जोरावर मिळवलेली होती आणि त्यांत आधीपासून राहणाऱ्या मुस्लिम वा सिरियन ख्रिस्ती शेतकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. त्या मालकीचा नैतिक हिशेब ज्याला मांडायचा त्याने अवश्य मांडावा. पण तो हिशेब जेरुसलेमच्या दप्तरात मांडावा लागेल, रोमच्या नव्हे.

मालमत्तेबरोबर राज्याची जबाबदारीही होती. तेराव्या शतकात इबेलिनच्या जॉनने राज्याच्या लष्करी सेवांची जी नोंद ठेवली, तीत संकटकाळी पॅट्रिआर्कने ५०० आणि पवित्र कबरीच्या कॅननांनी ५०० पायदळ सैनिक द्यायचे, असे आहे. पोपच्या खासगी जमिनीवर राजा असा बोजा टाकू शकला असता का?

मग पोपचा संबंध काय होता? होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पोपकडून मालमत्तेची पुष्टीपत्रे घेतली जात. दुसऱ्या होनोरियसने ११२८ मध्ये दिलेले असे पत्र आहे. पोपचा दूत पॅट्रिआर्कला पदावरून काढू शकत असे. आर्नुल्फला १११५ मध्ये असेच काढण्यात आले आणि पुढच्याच वर्षी पोप दुसऱ्या पास्कलने त्याला परत बसवले. पण पुष्टी देणे म्हणजे मालकी नव्हे. आणि नेमणुकीत राजाचा हात किती खोल होता हे पाहायचे तर ११८० मधली निवड पाहावी. एका जुन्या इतिवृत्तानुसार कॅनन दोन नावे सुचवत आणि राजा त्यांतले एक निवडत असे. त्या वेळी राजाने ही निवड आपल्या आईवर सोपवली आणि हेराक्लियस पॅट्रिआर्क झाला.

पैसा रोमला जात होता म्हणणाऱ्याला दाइम्बर्टची गोष्ट माहीत नसावी. हा पिसाचा आर्चबिशप १०९९ च्या अखेरीस पॅट्रिआर्क झाला आणि त्याने गोडफ्रेकडे जेरुसलेम आणि जाफा या शहरांवरच हक्क सांगितला. पुढे अपुलियाच्या रॉजरने १००० बेझंट, म्हणजे सोन्याची नाणी, पाठवली. एक तृतीयांश कॅननांना, एक तृतीयांश इस्पितळाला आणि एक तृतीयांश राजाला, अशी त्याची वाटणी होती. सगळी रक्कम दाइम्बर्टने स्वतःकडेच ठेवली, असा आरोप झाला आणि तो त्याच्या गच्छंतीच्या कारणांपैकी एक ठरला. पैसा हडप झाला असेल तर तो जेरुसलेममध्येच झाला.

किंबहुना पैशाचा ओघ नेमका उलट दिशेने होता. इटलीतील बार्लेत्ता, स्पेनमधील कालातायुद, पोलंडमधील मिएखूव अशा ठिकाणी पवित्र कबरीच्या कॅननांची मठ-मालमत्ता उभी राहिली. याहून मोठे उदाहरण हवे तर ११३४ मध्ये मरण पावलेला अरागॉनचा राजा पहिला आल्फोन्सो घ्यावा. त्याला मूल नव्हते आणि त्याने मृत्युपत्रात आपले संपूर्ण राज्य तीन संस्थांना वाटून दिले: टेम्पलर, हॉस्पिटलर (जेरुसलेमचे इस्पितळ चालवणारा लढवय्या संघ) आणि पवित्र कबरीचे देऊळ. अरागॉनच्या सरदारांनी अर्थातच ते अमलात येऊ दिले नाही, आणि काही वर्षांनी बार्सेलोनाच्या काउंटने या तिघांना जमिनी आणि हक्क देऊन त्यांचे दावे सोडवून घेतले. युरोपातला एक राजा राज्याचा तिसरा हिस्सा जेरुसलेमच्या देवळाला लिहून देतो आणि आमचा संदेशलेखक सांगतो की, देवळाचा पैसा युरोपात जात होता.

टेम्पलरांविषयी फार लिहायची गरज नाही. त्यांचे ठाणे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या अल-अक्सा मशिदीच्या इमारतीत होते. ती जागा त्यांना राजा दुसऱ्या बाल्डविनने दिली होती. पवित्र कबरीच्या देवळाच्या अगदी समोर होते ते हॉस्पिटलर, आणि त्यांचे देवळाशी संबंध कसे होते ते टायरचा आर्चबिशप विल्यम सांगतो. दशांश देण्यातून पोपने त्यांना सूट दिली होती. त्यावरून पॅट्रिआर्क फुल्चरशी इतके बिनसले की, तो लोकांना उपदेश करू लागताच हॉस्पिटलर आपल्या मोठ्या घंटा मुद्दाम वाजवत. त्यांनी देवळासमोर देवळाहून उंच इमारती उठवल्या. एकदा तर शस्त्रे घेऊन येऊन त्यांनी देवळाच्या दारापुढे बाण सोडले. ते बाण गोळा करून, जुडी बांधून कालवारीसमोर, म्हणजे देवळातल्या येशूच्या क्रूसाच्या जागेसमोर, टांगण्यात आले आणि आपण ते स्वतः पाहिल्याचे विल्यम लिहितो. वृद्ध फुल्चर ११५५ मध्ये समुद्र ओलांडून पोप चौथ्या एड्रियनकडे तक्रार घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने परतला. देवळाचा मालक पोप असता, तर आपल्याच देवळावर बाण सोडणाऱ्यांना त्याने असे मोकळे सोडले असते, हे मानणे जड जाते.

टेम्पलर आणि चावी या जोडीत मात्र एक खरा कण आहे. राजमुकुट ज्या खजिन्यात ठेवलेले असत, त्याच्या चाव्या पॅट्रिआर्क, टेम्पलरांचा प्रमुख आणि हॉस्पिटलरांचा प्रमुख अशा तिघांकडे असत. ११८६ मध्ये सिबिला राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी हॉस्पिटलरांचा प्रमुख रॉजर आपली चावी देईना. फार आग्रह झाल्यावर त्याने ती चिडून भिरकावून दिली. संदेशातला टेम्पलरांचा कारभार बहुधा इथूनच आला असावा. ती चावी मुकुटांच्या खजिन्याची होती. देवळाच्या दाराची किंवा दानपेटीची नव्हे.

पौर्वात्य ख्रिस्ती बांधवांच्या बाबतीत संदेशाला अर्धे गुण द्यावे लागतात, मनाविरुद्ध का होईना. लॅटिन धर्मगुरूंनी ग्रीक पॅट्रिआर्कची जागा घेतली, ग्रीक धर्मगुरूंना प्रमुख वेदीवरून हटवले, आणि एडेसाचा आर्मेनियन इतिहासकार मॅथ्यू तर आर्मेनियन, ग्रीक, सिरियन आणि जॉर्जियन साऱ्यांना मठांतून हाकलल्याचे लिहितो. पण याच मॅथ्यूच्या कथनात पुढचा भागही आहे. ११०१ च्या ईस्टरला कबरीवरचा पवित्र अग्नी नेहमीप्रमाणे शनिवारी प्रकट झाला नाही, लॅटिन मंडळी हादरली, दुसऱ्या दिवशी पौर्वात्यांच्या प्रार्थनेनंतर तो प्रकट झाला आणि हाकललेल्यांना परत घेण्यात आले. अग्नी कसा पेटतो हा आपला विषय नाही. त्यानंतर काय घडले हा आहे. काही वर्षांनी आलेल्या डॅनियल या रशियन मठाधिपतीला राजा बाल्डविनने रशियन भूमीच्या नावाने कबरीवर दिवा ठेवू दिला आणि त्याने तिथे ग्रीक धर्मगुरू उपासना करताना पाहिले. थिओडेरिकने सिरियन आणि आर्मेनियन लोकांच्या वेद्या देवळातच पाहिल्या. दुय्यम स्थान मिळाले, अन्यायही झाला. ‘अठ्ठ्याऐंशी वर्षे पाऊल टाकू दिले नाही’ हे मात्र खोटे आहे.

राहिला सलादिन. २ ऑक्टोबर ११८७ रोजी त्याने शहर घेतले तेव्हा देऊळ पाडावे असा सल्ला त्याला काहींनी दिला होता. उमर यांनी शहर घेतल्यावर देऊळ तसेच राहू दिले होते, हा दाखला देऊन त्याने तो नाकारला. देऊळ काही दिवस बंद राहिले, लॅटिन धर्मगुरू गेले, पौर्वात्य ख्रिस्ती राहिले आणि यात्रेकरूंकडून कर घेऊन दार पुन्हा उघडले. ११९२ च्या तहानंतर सॅलिसबरीचा बिशप ह्यूबर्ट वॉल्टर त्याला भेटला आणि या देवळात दोन लॅटिन धर्मगुरू आणि दोन डीकन (धर्मगुरूंचे सहायक) ठेवण्याची परवानगी मागून घेऊन गेला. पाडलेल्या देवळात कोणी धर्मगुरू नेमत नाही. देऊळ खरोखर उद्ध्वस्त झाले ते १००९ मध्ये, फातिमी खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने, आणि बायझंटाइन सम्राटांच्या मदतीने ते १०४८ च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. संदेशलेखकाने १७८ वर्षांचा घोळ घालून ते पाप भलत्याच माणसाच्या माथी मारले. मावशी ज्या दक्षिणेकडच्या दाराने आत जाईल, ते जोडदार क्रूसेडरांच्या काळात बांधलेले आहे. त्यातले उजवीकडचे दार चिणून बंद केलेले आहे, डावीकडच्या दाराने प्रवेश मिळतो.