अजून एक जिन्नस राहिला

आजोबांच्या ट्रंकेत छापील कागदांचा ढीग आहे. निम्मे मराठी, निम्मे कानडी. १९५६ साली आमचं बेळगावच्या शहापुरातलं घर जागचं हललं नाही, राज्य मात्र मुंबईचं म्हैसूर झालं, त्याचा हा पुरावा. हे सगळं संगणकाकडून वाचून घ्यावं म्हणून पुण्याच्या भाच्याला फोन केला.

"मामा, टेसरॅक्ट घ्या. फोटोतली अक्षरं ओळखतं. नवीन हवं असेल तर सोर्सवरून बिल्ड करा, म्हणजे मूळ कोड उतरवून घरीच बांधा, पाच मिनिटांचं काम आहे."

टेसरॅक्टचा कोड २००५ साली सगळ्यांना खुला झाला. फुकट म्हटल्यावर आमचा हात आवरत नाही. लिनक्सवर कोड उतरलाही झटक्यात. मग सुरू झाल्या वाऱ्या.

सणाच्या दिवशी आई मला दुकानात अशीच पिटाळते. गूळ आणला की वेलची, वेलची आणली की जायफळ. सगळी यादी एकदम सांगितली तर माउलीचा धर्म बुडेल. इथे संगणक आधी ऑटोमेक नावाचं बांधकामाचं अवजार नाही म्हणाला. आणलं. लिबटूल नाही. आणलं. कोडचा चालता प्रोग्रॅम करणारा कंपायलरच नाही. तोही आणला. मग म्हणे चित्रं हाताळणारी लायब्ररी लेप्टोनिका नाही. अरे, आहे की! पण ती नुसती वापरण्यापुरती. तिच्यावर काही बांधायचं तर नावामागे 'डेव्ह' लावलेलं पाकीट वेगळं आणायचं, लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या हेडर फायली त्यात असतात. म्हणजे भाड्यानं राहायला हरकत नाही, वर मजला चढवायचा असेल तर मालकाचा उतारा दाखवा.

शेवटी सगळं क्रमानं बांधून काढणारं 'मेक' चालू झालं. ओळी अशा सरसर धावू लागल्या की शेजारचा माग लाजावा. आणि करंट गेला. बाहेर पाऊस, घरात अंधार, आणि स्वयंपाकघरातून आवाज, "अजून काय करूलास रे? जेवण निवूलंय!"

'मेक' मात्र जुन्या वळणाचा गडी. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली घडवलेला, वयानं मला वडीलच, म्हणून उलट बोलवत नाही. करंट आल्यावर फायलींच्या तारखा-वेळा बघून त्यानं फक्त उरलेलं काम उचललं. अर्धवट पडलेली एक फाईल तेवढी मला पुसावी लागली. घरातल्या कुणाला अर्ध्यावर राहिलेलं काम असं नेमकं आठवल्याचं मला ठाऊक नाही.

मग बांधलेलं जागेवर बसवायला 'सुडो मेक इन्स्टॉल'. मग लायब्ररी सापडेना म्हणून तिचा पत्ता नोंदवायला 'एलडीकॉन्फिग'. रात्री साडेनऊला, देवाला हात जोडून, आजोबांचा पहिला कागद पुढे केला.

मराठीची फाईल उघडत नाही, म्हणाला.

कानडी लावून पाहिलं. तीही नाही. चिडून इंग्रजी लावलं, तेही नाही! कुठल्याच भाषेचा डेटा सोर्सबरोबर येत नाही, तो वेगळा उतरवून घ्यायचा असतो.

आई ताट झाकून मागे येऊन उभी होती. "काय म्हणतोय?"

"याला मराठी येत नाही, कानडी पण येत नाही."

"मग दुपारपास्नं बोलूलास कुठल्या भाषेत त्याच्याशी?"