मे महिन्याचं शिबिर आणि वाढत्या मुलाची कंबर

परीक्षा संपली की मैदानं भरतात. जानेवारीपासून पुस्तकात डोकं घालून बसलेला चौदा वर्षांचा मुलगा शिबिराच्या पहिल्याच सोमवारी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मैदानावर. सहा दिवसांचे चोवीस तास झाले. तिसऱ्या आठवड्यात तो कंबर धरतो आणि घरात "दूध पीत नाही, मग दुखणारच" सुरू होतं. दुधाचा इथे फारसा संबंध नाही. शून्यावरून एकदम चोवीसवर गेलेल्या आकड्याचा आहे.

या वयातल्या कितीतरी दुखापती पडून-आपटून होत नाहीत, साचत जातात. मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलं चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने उंच होतात. हाड आधी लांब होतं, स्नायू मागून येतात, म्हणून मांड्या ताठ होतात. हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा त्या काळात सगळ्यांत कच्ची असते आणि ताठ स्नायू तिलाच ओढतो. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येतं, वज्रासनात बसवत नाही, जिना उतरताना कळ येते. टाच दुखते तीही याच ओढीमुळे. अशा जागी तेल लावून जोरात रगडू नका. उड्या आणि धावणं कमी करा, मांडीचे व पोटरीचे स्नायू हळूहळू मोकळे करा.

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती वेगवान गोलंदाजांची. चेंडू सोडताना कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळली जाते. हा भार मणक्याच्या मागच्या बाजूच्या एका चिंचोळ्या हाडावर येतो, बहुधा अगदी खालच्या मणक्यात, आणि तिथे बारीक तडा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला दुखतं बहुतेक वेळा डाव्या बाजूला. मुलाला एका पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगा. ठरावीक एका जागी कळ आली तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे" असं कृपया म्हणू नका. वेळेत थांबलं तर काही महिन्यांत हाड भरून येतं, दुखणं दाबून टाकत राहिलं तर तडा कायमचा राहू शकतो.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार मर्यादा घातली आहे : १३ वर्षांखालील मुलाला एका स्पेलमध्ये (म्हणजे न थांबता टाकायच्या एका फेरीत) ५ षटकं, दिवसाला १०, १५ वर्षांखालील मुलाला ६ आणि १२. आपल्याकडे खरी गोची वेगळी आहे. एकच मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो आणि अकादमीत सराव करतो. शाळेचे सर म्हणतात, "मी तर पाचच षटकं दिली." बाकी दोघेही तेच म्हणतात, आणि तिघेही खरं बोलत असतात. बेरीज कुणीच करत नाही. ती घरीच करावी लागेल. शंभर पानी वहीत रोज तारीख, टाकलेले चेंडू (नेट्समधलेही), किती तास खेळ झाला आणि कुठे दुखलं ते लिहा. मुलाच्या वयाइतके तास, म्हणजे तेराव्या वर्षी आठवड्याला तेरा, हा ठोकताळा धरा आणि एक पूर्ण दिवस सुट्टी द्या. दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीशी, सकाळी, अनवाणी उंची मोजा. दोन सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त वाढली असेल तर पुढचे तीन महिने चेंडू वाढवायचे नाहीत.

आधी दुखावलेला भाग पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे "आता दुखत नाही" एवढ्यावर सामन्यात उतरवू नये. झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नका. पहाटेचा सराव आणि रात्रीचा क्लास यांत ती सगळ्यांत आधी कापली जाते.

कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळणाऱ्या मुलींकडे जरा थांबून पाहा. उडी मारून उतरताना गुडघे एकमेकांकडे आत झुकत असतील तर गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याची भीती असते. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून मऊ उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, हळू बैठका, एवढं वॉर्मअपमध्येच पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा करून घ्या. आणि सरावामुळे पाळी तीन महिने आली नाही तर ते मेहनतीचं लक्षण समजू नका. खाणं कमी पडतंय आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात, डॉक्टरांकडे न्या.

लंगडणं, सांध्याला सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर सामना उद्याचा असला तरी आजच दाखवा.