‘जस्सी’ चोरीला गेली नव्हती, मामा

‘स्पॅनिश लोकांना जमलं, मराठी माणसाला का नाही?’ अशा मथळ्याचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. तळाशी हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक मराठी ग्रुपवर पाठवा’ अशी आज्ञा. आमच्या मामांनी ती पाळली. वर माझ्या मावसबहिणीला नाव घेऊन विचारलं, “तुम्ही लेखक मंडळी उसनवारीच का करत बसता गं?” ती एका मराठी मालिकेचे संवाद लिहिते. तिने ग्रुप म्यूट केला. मला तेवढा संयम नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: स्पॅनिश मालिकांचा हा धंदा स्पेनने उभारला. भाषा एक आणि देश वीसेक, त्यामुळे मालिका एकदा काढली की सगळीकडे आपोआप चालते. कल्पना मात्र मुळात आपल्या, अमेरिकेतली ‘अग्ली बेट्टी’ ही तर सरळसरळ चोरलेली ‘जस्सी’! ‘मनी हाइस्ट’ ही स्पॅनिश मालिका कचऱ्यातून उचलून नेटफ्लिक्सने दोन डॉलरला घेतली. आणि शेवटी, आपण रिमेक आणि डबिंगच्या नादाने मराठीचं वाटोळं केलं.

जस्सीपासून सुरुवात करतो, कारण माझं डोकं तिथेच फिरलं.

‘जस्सी जैसी कोई नहीं’ सोनीवर 2003 मध्ये आली आणि ‘अग्ली बेट्टी’ एबीसीवर 2006 मध्ये. आपली आधीची, त्यांची नंतरची, म्हणजे चोरी. संपलं संशोधन! आणखी चार वर्षं मागे जायचे कष्ट घेतले असते तर या दोघींचं माहेर बोगोटात सापडलं असतं. कोलंबियाच्या आरसीएन वाहिनीवर ऑक्टोबर 1999 ते मे 2001 ‘यो सोय बेट्टी, ला फेआ’ ही मालिका चालली. लेखक फेर्नांदो गायतान. जाड भिंगांचा चष्मा, दातांना तारा, हिशेबात पक्की असलेली मुलगी फॅशन कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागते आणि साहेबाच्या प्रेमात पडते. साहेबाचं नाव आर्मांदो. आपल्या जस्सीचा साहेब आठवतोय? अरमान. नावसुद्धा फार लांब नेलं नव्हतं, आणि न्यायची गरजही नव्हती, कारण सोनीने या गोष्टीचे हक्क रीतसर घेतले होते. ज्या मालिकेचं आपण लायसन्स घेतलं तीच आपल्याकडून चोरली गेली, असं अभिमानाने सांगत फिरायचं म्हणजे कमाल आहे.

आणि हीच बेट्टी फॉरवर्डच्या दुसऱ्या मुद्द्याचाही निकाल लावते. जर्मनीने तिची आवृत्ती केली, रशियाने केली, चीनने केली, तिथे भाषाच वेगळी होती. पण 2006 मध्ये मेक्सिकोच्या तेलेविसाने ‘ला फेआ मास बेया’ काढली आणि त्याच वर्षी स्पेनच्या तेलेसिंकोने ‘यो सोय बेआ’. दोन्ही देश स्पॅनिश बोलणारे. कोलंबियातली मूळ मालिका त्यांना सबटायटलशिवाय कळत होती. ‘भाषा एक म्हणजे बाजार एक’ असता, तर हक्काचे पैसे मोजून, नवे नट घेऊन, नवे सेट उभारून तीच गोष्ट पुन्हा शूट करायची त्यांना काय हौस होती?

कारण या धंद्यात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे तयार भाग. ते स्वस्त पडतात आणि लगेच दाखवता येतात. दुसरी म्हणजे फॉरमॅट: कथानक, पात्रांची मांडणी, संहिता, आणि कुठे प्रेक्षक वाढला, कुठे गळला याचा अनुभव. तो घ्यायचा आणि आपल्या गावात आपल्या माणसांना घेऊन पुन्हा उभा करायचा. प्राइम टाइमला माद्रिदच्या माणसाला माद्रिदचं ऑफिस हवं असतं, तिथलेच टोमणे हवे असतात, जाहिरातदाराला ओळखीचे चेहरे हवे असतात. लहेजाचा प्रश्न तर इतका खरा आहे, की मायामीत मालिका काढणारी तेलेमुंदो ही स्पॅनिश वाहिनी वेगवेगळ्या देशांच्या नटांना सपाट, मेक्सिकोकडे झुकणारी स्पॅनिश शिकवायला प्रशिक्षक ठेवायची. ‘आपोआप’ काही चालत नाही.

‘कल्पना मुळात आपल्या’ या दाव्याचं खरं उत्तर तर उलट्या दिशेचं आहे. मामा, तुम्ही ‘हम लोग’ बघायला शेजाऱ्यांकडे जायचात ना? ती मेक्सिकोच्या वाटेने आली होती. तेलेविसामध्ये मिगेल साबिदो नावाच्या निर्माता-दिग्दर्शकाने 1975 मध्ये प्रौढशिक्षणावर ‘वेन कोनमिगो’ आणि 1977 मध्ये कुटुंबनियोजनावर ‘आकोम्पान्यामे’ केली. चांगलं पात्र, वाईट पात्र, आणि दोन्हींमध्ये झुलत हळूहळू बदलणारं पात्र, अशी त्याची पद्धत होती. आपल्या माहिती व प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी 1983 मध्ये मेक्सिकोत हे काम पाहिलं आणि 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी या मालिकेवर सविस्तर काम केलंय आणि हा प्रवास त्यांनी नीट नोंदवलाय. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे, ती कल्पनाही साबिदोच्या पद्धतीतली. म्हणून ‘हम लोग’ नक्कल ठरते का? सुरुवातीच्या भागांतला कुटुंबनियोजनाचा उपदेश प्रेक्षकांना पचला नाही, तेव्हा लेखक मनोहर श्याम जोशींनी कथा घरातल्या माणसांकडे वळवली. बडकी आणि लाजोजी ही पात्रं मेक्सिकोतून आली नव्हती.

स्पेनचा मुद्दा दोन ओळींत आटोपतो. या प्रकाराची मुळं हवानाच्या रेडिओत आहेत, मेक्सिकोत 1958 मध्ये ‘सेंदा प्रोइबिदा’ ही मालिका आली तेव्हा प्रायोजक कोलगेट-पामोलिव्ह होतं, आणि 1990 च्या सुमारास खुद्द स्पेन ‘क्रिस्ताल’ नावाच्या व्हेनेझुएलाच्या मालिकेला खिळून बसला होता. स्पेन बराच काळ गिऱ्हाईक होता. दुकान अटलांटिकच्या पलीकडे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, जिवावर येत असलं तरी. मोठ्या भाषेचा फायदा असतोच. तेलेविसाचा खर्च मेक्सिकोतच वसूल व्हायचा, त्यामुळे तेच भाग बाहेर पडत्या भावात विकणं तिला परवडायचं. मराठी वाहिनीला ते सोपं नाही. पण त्या स्वस्त मालाने सर्वांत मोठा धुमाकूळ कुठे घातला? रशियात. 1979 ची ‘लोस रिकोस ताम्बिएन योरान’ तिथे 1991-92 मध्ये लागली. सोव्हिएत संघ कोसळत होता आणि घराघरांत लोक मेक्सिकोतल्या मारियानासाठी रडत होते. रशियन डबिंगमध्ये. म्हणजे फॉरवर्ड ज्या डबिंगला शिव्या घालतो, त्याच वाटेने हा धंदा जगभर गेला.

अमेरिकेतही ‘स्पॅनिश वाहिन्या काढल्या आणि पैसा छापला’ इतकं सोपं नव्हतं. तेलेविसावाल्या आस्कार्रागा कुटुंबाने 1961 मध्ये सॅन अँटोनिओपासून सुरुवात केली. पण अमेरिकी कायद्यात प्रसारण परवान्यांसाठी परकीय मालकीवर मर्यादा होती. 1986 मध्ये परवानेच जायची वेळ आली आणि स्टेशनं हॉलमार्क या भेटकार्डवाल्या कंपनीला विकावी लागली. त्याचंच पुढे युनिव्हिजन हे स्पॅनिश नेटवर्क झालं. 1992 मध्ये तेलेविसा छोटी भागीदार म्हणून परतली, 2005 मध्ये रॉयल्टीवरून तिने युनिव्हिजनलाच कोर्टात खेचलं, 2009 मध्ये तडजोड झाली आणि 2022 मध्ये दोघांचं मिळून तेलेविसायुनिव्हिजन झालं. यात मातृभाषेचा अभिमान शोधून बघा. वकील जास्त सापडतील.

‘मनी हाइस्ट’ कचऱ्यात वगैरे नव्हती. मे 2017 मध्ये स्पेनच्या आंतेना 3 वाहिनीवर पहिल्या भागाला चाळीस लाखांवर प्रेक्षक होते. पुढे ते निम्म्याहून खाली घसरले हे खरं. सत्तर-सत्तर मिनिटांचे 15 भाग कापून नेटफ्लिक्सने 22 केले, त्यांतले पहिले 13 डिसेंबरमध्ये जगभर लावले, उरलेले पुढच्या वर्षी, आणि त्याच वर्षी मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. दोन डॉलरची गोष्ट ऐकायला झकास आहे, पावती कुणीच दाखवत नाही.

राहिला रिमेक. मामी रोज ‘आई कुठे काय करते’ बघायच्या आणि मामा ‘अनुपमा’. दोन्ही ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवरून घेतलेल्या. अरुंधती उसनी आहे म्हणून मामींनी कधी टीव्ही बंद केल्याचं मला आठवत नाही. उसनवारी हा गुन्हा असेल तर मेक्सिको, स्पेन, जर्मनी सगळेच आत जातील. खरा प्रश्न, आपलं काही बाहेर का विकलं जात नाही, हा आहे. त्याचं एक उत्तर करारात आहे. आपल्याकडे वाहिनीने बनवून घेतलेल्या मालिकेचे हक्क सहसा वाहिनीकडेच राहतात. लेखकाला भागामागे मानधन, विषय संपला. उद्या एखादी मराठी गोष्ट तामिळमध्ये किंवा तुर्कीमध्ये गेली, तर ती लिहिणारीला त्यातलं काय मिळेल हे त्या करारावर ठरतं, ग्रुपवरच्या अभिमानावर नाही. मामा, माझ्या बहिणीला खरंच काही विचारायचं असेल तर तिच्या करारातलं ते कलम विचारा. तिला ते पाठ आहे.